५४० वर अडकलेला स्कोअर : नवं पिस्तूल घ्यावं का?

प्रश्न : माझं वय ३४. दीड वर्षापासून १० मीटर एअर पिस्तूलचा सराव करतो, उजव्या हाताने. चार महिन्यांपासून स्कोअर ५४० च्या आसपास अडकलाय. परवाचं ६० शॉटचं कार्ड असं : दहा २२, नऊ २२, आठ ११, सात ४, सहा १. वाईट शॉट बहुतेक खाली-डावीकडे जातात. प्रशिक्षक म्हणतात, तुझा होल्ड (नेम धरलेल्या हाताचं डोलणं) नऊच्या रिंगणात आहे, मग हे शॉट येतात कुठून? पिस्तूल मेकॅनिकल ट्रिगरचं आहे, दुसऱ्या नेमबाजाकडून घेतलेलं. मित्र म्हणतात इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं घे. चष्म्याचा नंबर उणे १.२५ आहे. शूटिंगचा खास चष्मा खरंच लागतो का? पॅरिसमध्ये तुर्कस्तानच्या नेमबाजाने साध्या चष्म्यावर पदक घेतलंच ना? रोज किती पेलेट (छर्रे) माराव्यात? सहा आठवड्यांनी स्पर्धा आहे.

उत्तर : कार्डाची फोड करून पाठवलीत हे फार बरं केलंत, कारण तुमच्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर त्या आकड्यांत आहे. आठ, सात आणि सहा मिळून तुमचे सोळा शॉट होतात. हे सोळा फक्त नऊपर्यंत आले, एकही नवा दहा न वाढता, तर ५४० चे ५६२ होतात. म्हणजे सध्या दहांच्या मागे लागायची गरज नाही. या सोळा शॉटचं काय करायचं एवढाच पुढच्या सहा आठवड्यांचा विषय ठेवा. नवं पिस्तूल या सोळांपैकी फार थोडे वाचवेल.

का, ते हिशोबाने पाहू. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी आणि पेलेटचा ४.५ मिमी. भोक रेषेला नुसतं टेकलं तरी वरचा गुण मिळतो, म्हणून केंद्रापासून ८ मिमीपर्यंत दहा, १६ पर्यंत नऊ, २४ पर्यंत आठ, ३२ पर्यंत सात. आता समजा फ्रंट साइट (नळीच्या टोकाकडची नेमाची खूण) रिअर साइटच्या (मागच्या खुणेच्या) खाचेत अगदी नीट आहे, पण अख्खा हात ७ मिमी डावीकडे सरकलाय. शॉट ७ मिमी डावीकडे जाईल आणि दहाच लागेल. आता उलटं धरा. हात बरोबर मध्यावर आहे, पण चाप सुटताना फ्रंट साइट खाचेत फक्त १ मिमी हलली. दोन साइटमधलं अंतर साधारण ३३० मिमी असतं आणि टार्गेट १०,००० मिमीवर, त्यामुळे ती चूक तीसपट होऊन पोचते. ३० मिमी म्हणजे सात. पाव मिमी हलली तरी साडेसात मिमी, म्हणजे दहाची कड.

हाताचं डोलणं हा खेळ सहन करतो. साइट एकमेकींपासून सुटणं तो मुळीच सहन करत नाही. तुमचा होल्ड नऊच्या रिंगणात आहे हे प्रशिक्षकांचं निरीक्षण खरं असेल, आणि त्यावर शंका घ्यायचं कारण दिसत नाही, तर तुमचे सात आणि सहा डोलण्यातून येऊच शकत नाहीत. ते चाप ओढतानाच्या शेवटच्या क्षणी तयार होतात.

उजव्या हाताच्या नेमबाजाचा खाली-डावीकडचा शॉट बहुतेकदा अशा रीतीने घडतो : ट्रिगरचा शेवटचा दाब द्यायची वेळ आली की तर्जनीबरोबर मधली, अनामिका आणि करंगळीही आवळली जातात. मूठ आवळली की नळीचं तोंड खाली आणि आतल्या बाजूला वळतं. तर्जनी एकटी हलवणं हे हाताला जन्मतः येत नाही, ते शिकवावं लागतं. दुसरं कारण मनातलं असतं. साइट चांगल्या जागी आली की ‘आत्ताच!’ असं वाटतं, चाप झटक्याने ओढला जातो आणि मनगटाचा ताठरपणा त्याच क्षणी सुटतो. खूण दोघांची सारखीच, इलाज मात्र वेगळे. म्हणून आधी तुमचं कोणतं, ते ओळखा.

त्यासाठी कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर, टार्गेट न लावता, वीस ड्राय फायर (पेलेट न भरता चाप ओढणं) करा. नजर फ्रंट साइटच्या वरच्या कडेवर. टक् असा आवाज होताना ती कड खाचेत हलते का, आणि कोणत्या दिशेने, एवढंच बघायचं. भिंतीवरही हलत असेल तर दोष मुठीत किंवा बोटाच्या जागेत आहे. भिंतीवर शांत राहते आणि टार्गेट लावल्याबरोबर हलायला लागते, तर हात ठीक आहे आणि घाई नजर करतेय. याची खात्री रेंजवर प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली करता येते. दहा शॉटच्या मालिकेत ते प्रत्येक वेळी पिस्तूल टेबलावर, नळी टार्गेटकडे ठेवूनच, तयार करून देतील. काही वेळा पेलेट भरून, काही वेळा नुसतं ड्राय फायरवर. तुम्हाला माहीत नसावं. ड्राय फायरच्या वेळी नळी खाली झुकली तर सगळ्यांना दिसते, तुम्हालाही.

दोष घाईचा निघाला तर चाप ओढायचं काम सुटं न ठेवता होल्डच्या आत मिसळा. ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पिस्तूल वरून टार्गेटच्या काळ्या गोलाखालच्या पांढऱ्या पट्ट्यात उतरत असतानाच पहिला टप्पा पूर्ण घेऊन टाका. तिथे पोचल्यावर दुसऱ्या टप्प्याचा दाब सुरू होतो आणि थांबत नाही. साइट नीट आहेत तोवर दाब वाढत राहतो. शॉट नेमका कधी सुटेल ते तुम्हाला सेकंदाच्या हिशोबात कळावं, क्षणाच्या हिशोबात कळू नये. उतरून स्थिर झाल्यापासून चार ते सात सेकंदांत शॉट निघाला तर तो चांगला. दहा सेकंद झाले आणि अजून निघाला नाही, तर हात खाली घ्या. तिथून पुढे खांदा थकतो, नजर काळ्या गोलाकडे ओढली जाते आणि ‘आता सोडूनच टाकू’ हा विचार येतो. तुमचे सात आणि सहा या वेळात बसतात का ते पडताळून बघा. एक मालिका कोणाला तरी घड्याळ लावून मोजायला सांगा आणि प्रत्येक शॉटपुढे सेकंद लिहा. बहुतेकांच्या बाबतीत वाईट शॉट आणि उशिरा सुटलेले शॉट यांची यादी जवळजवळ एकच निघते. हात खाली घेणं हे कौशल्य आहे आणि त्याचाही सराव करावा लागतो. दर मालिकेत निदान दोनदा, सगळं बरं दिसत असतानाही, मुद्दाम शॉट सोडून हात खाली घ्या.

नजरेबद्दल एक गोष्ट आवर्जून. काळा गोल धूसर दिसायलाच हवा. तो स्वच्छ दिसतोय म्हणजे फ्रंट साइट धूसर झालीय, आणि पाव मिमीची हालचाल धूसर कडेवर दिसत नाही. म्हणून नेमही गोलाच्या आत धरत नाहीत, त्याच्या खालच्या पांढऱ्यात धरतात. काळ्यावर काळी साइट हरवते. गोलाला अगदी टेकवून धरण्याचा मोहही टाळा. टेकवायचं म्हटलं की डोळा त्या फटीकडे जातो. थोडं खाली, पांढऱ्या पट्ट्यात, एका बिंदूऐवजी एका भागात धरा. रिअर साइटची खाच इतकी उघडा की फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंना तिच्या रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत प्रकाश दिसेल. नवे नेमबाज ती फार अरुंद ठेवतात. त्याने नेमकेपणा वाढत नाही, डोळा थकतो.

आता पिस्तुलाचा प्रश्न. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर, उदाहरणार्थ मोरिनी १६२ ईआय, स्वच्छ सुटतो, वर्षभर एकसारखा राहतो आणि ड्राय फायरला प्रत्येक वेळी कॉक करावं (ट्रिगर पुन्हा चढवावा) लागत नाही. हे फायदे खरे आहेत. पण नियमाप्रमाणे ट्रिगरचं किमान वजन त्यालाही ५०० ग्रॅमच आहे. मेकॅनिकलवर मूठ आवळणारा हात त्यावरही आवळतो. शिवाय बॅटरी आणि सर्किट या दोन गोष्टी सांभाळायला वाढतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, पात्रता फेरी सुरू असताना मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला आणि ५७५ गुणांवर तिची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. बिघाड कोणत्याही पिस्तुलात होऊ शकतो. पण स्पर्धेच्या सहा आठवडे आधी अनोळखी हत्यार, अनोळखी मूठ आणि अनोळखी ट्रिगर हातात घेणं म्हणजे आज जमलेले २२ दहाही पणाला लावणं. स्पर्धा होईपर्यंत पिस्तूल बदलू नका.

नंतर बदलायचं की नाही, तेही अंदाजावर ठरवू नका. पिस्तूल शिकंजात घट्ट बसवून दहा शॉट मारा. भोकांचा अख्खा पुंजका दहाच्या वर्तुळात मावला तर तुमच्या स्कोअरला ते पिस्तूल कुठेही अडवत नाही. चांगल्या मॅच पिस्तुलाचा पुंजका त्याहून बराच लहान असतो. पुंजका वर-खाली लांबट होत असेल तर हवेचा रेग्युलेटर अनियमित झालाय किंवा सील थकलंय. ते दुरुस्त होतं, त्यासाठी पिस्तूल टाकायला लागत नाही. ट्रिगरचं वजन दर काही दिवसांनी आपोआप बदलत असेल आणि स्प्रिंग-स्क्रू बदलूनही थांबत नसेल, तर मात्र बदलण्याचा विचार रास्त आहे.

तोवर आहे तो ट्रिगर नीट लावा. स्पर्धेआधीच्या तपासणीत नळी वर, उभी धरून ट्रिगरवर टांगलेलं ५०० ग्रॅमचं वजन पृष्ठभागावरून उचललं जायला हवं. म्हणून नेमकं ५०० वर ठेवू नका. ५१० ते ५२० ठेवा, म्हणजे उन्हाळा-हिवाळा आणि झीज यांना जागा राहते. तपासताना हवेचा सिलिंडर चढवलेला आणि पिस्तूल कॉक केलेलं असू द्या. त्यातले ३५० ते ४०० ग्रॅम पहिल्या टप्प्यात घाला. मग दुसऱ्या टप्प्यावर बोटाला फक्त ११० ते १७० ग्रॅमच वाढवायचे उरतात आणि इतर बोटं सोबत आवळण्याचं कारण कमी होतं. वापरलेल्या पिस्तुलात पहिला टप्पा हलका आणि दुसरा जड लावलेला पुष्कळदा सापडतो. तुमचं आधी तेच तपासा. दोन टप्प्यांमधली भिंत बोटाला स्पष्ट जाणवायला हवी. ट्रिगर सुटल्यानंतर तो किती मागे जावा याचा जो स्क्रू असतो, तो शॉट सुटणं बंद होईपर्यंत आत घ्या आणि तिथून अर्धा फेरा बाहेर काढा. त्याहून घट्ट ठेवलात तर एखाद्या थंड सकाळी शॉट सुटणारच नाही. प्रत्येक बदल करताना आधीची जागा लिहून ठेवा आणि एका दिवशी एकच स्क्रू फिरवा.

ट्रिगरच्या पात्याची जागाही बघा. पुढच्या पेराचा मधला मांसल भाग पात्यावर यावा आणि दाब सरळ मागे जावा. बोट सांध्यापर्यंत आत घुसलं किंवा नुसतं टोक लागलं की दाब आडवा जातो. आणि तर्जनीचं मागचं पेर मुठीच्या लाकडाला लागता कामा नये. मध्ये एक जाड पुठ्ठा सरकेल एवढी फट हवी.

इथून आम्हाला तुमच्या पत्रातली सर्वांत संशयास्पद गोष्ट दिसते. पिस्तूल दुसऱ्या नेमबाजाकडून घेतलंय, म्हणजे पिस्तुलाची मूठ, हातात धरायचा लाकडी भाग, त्या माणसाच्या हाताप्रमाणे घासलेली आणि लांबी (पुट्टी) भरून घेतलेली असणार. दुसऱ्याच्या मापाच्या चपला घालून धावायला लागावं तसं हे आहे. सहा आठवड्यांत पैसे आणि वेळ कुठे घालायचा असेल तर तो मुठीवर घाला.

आधी माप. मूठ लहान, मध्यम, मोठी अशा मापांत मिळते. हात बसवल्यावर मधलं बोट मुठीला वळसा घालून पुढच्या बाजूने सरळ मागे दाब देऊ शकलं पाहिजे. बोटांची टोकं तळव्यात रुतत असतील तर मूठ लहान आहे, वळसाच पूर्ण होत नसेल तर मोठी. माप बरोबर असेल तर पुढचं काम लांबी आणि पॉलिश पेपरचं. पिस्तूल डाव्या हाताने नळीकडून धरा आणि उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीमधल्या बेचक्यात मागून खोलवर दाबून बसवा. दर वेळी याच क्रमाने. मग तीन बोटं. दाबाचा मुख्य भाग मधल्या बोटाचा, अनामिकेचा थोडा कमी, करंगळी नुसती सोबत, अंगठा बिनदाबाचा. पकड चांगली घट्ट असावी, पण हात थरथरायला लागण्याच्या अलीकडे थांबावी. शॉटच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत ती तेवढीच राहणं हे घट्टपणापेक्षा महत्त्वाचं.

आता डोळे मिटा, हात वर न्या, खाली आणून स्थिर करा आणि डोळे उघडा. फ्रंट साइट खाचेच्या मध्ये आहे का? दहा वेळा करा. दर वेळी एकाच बाजूला किंवा खाली-वर दिसत असेल तर मूठ चुकीची आहे. तुम्ही प्रत्येक शॉटला मनगट वळवून ती चूक भरून काढताय, आणि चाप सुटताना मनगट आपल्या मूळ जागी परत जाऊ पाहतं. हाच तुमचा खाली-डावीकडचा शॉट असण्याची दाट शक्यता आहे. इथे एक गल्लत टाळा. डोळे उघडल्यावर साइट नीट आहेत, पण अख्खं पिस्तूल टार्गेटच्या बाजूला रोखलेलं आहे, तर दोष मुठीचा नाही, पायांचा. मागचा पाय इंच-दीड इंच सरकवून परत बघा. साइट खाचेत बिघडलेल्या असतील तर मूठ, पिस्तूल टार्गेटवरून सरकलेलं असेल तर पाय. मनगट किंवा खांदा वळवून यातलं काहीही दुरुस्त करायचं नाही.

तुमच्या मुठीला कोन बदलणारे स्क्रू असतील तर आधी ते वापरा, पाव-पाव फेऱ्याने. नसतील तर दोन भागांची, कालवून घट्ट होणारी लाकडाची लांबी घ्या. जिथे तळवा आणि लाकूड यांच्यामध्ये पोकळी आहे तिथे दोन-तीन मिमीचा थर लावा, हाताला पावडर चोळा किंवा पातळ प्लास्टिक गुंडाळा आणि मूठ नेहमीच्या पकडीत धरून ठसा घ्या. पूर्ण वाळू द्या. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने उंचवटे काढा, शेवटी १२० नंबर. एका वेळी अर्ध्या मिमीपेक्षा जास्त घासू नका. घासलं की तीस ड्राय फायर, मगच पुढे. हात जिथे लाल होतो तिथे लाकूड जास्त आहे. तळव्याखालची फळी हाताला नुसती टेकावी. ती वर दाबून बसवली की करंगळीकडचा भाग आवळतो आणि शॉट खाली-वर विखुरतात. नियमही लक्षात ठेवा : ती फळी वर वळलेली चालत नाही, मुठीने मनगटाला आधार देता कामा नये, आणि सगळं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या खोक्यात मावलं पाहिजे. लांबीचे थर चढवता चढवता ५० मिमीची रुंदी ओलांडली जाते आणि तपासणीच्या टेबलावर कळतं. घरीच मोजा. मुठीचं काम पहिल्या दोन आठवड्यांत संपवा. त्यानंतर स्पर्धेपर्यंत पेपर हातात घ्यायचा नाही.

चष्म्याबद्दल. पॅरिसमध्ये २०२४ साली मिश्र सांघिक एअर पिस्तूलमध्ये रौप्य जिंकणारे युसुफ दिकेच खास लेन्स आणि एक डोळा झाकणाऱ्या पट्टीशिवाय, दोन्ही डोळे उघडे ठेवून खेळले, हे खरं. पण ते २००८ पासून ऑलिंपिक खेळत आले आहेत आणि हातात मॅच पिस्तूल होतं. शिवाय त्यांच्या डोळ्यांना जे चालतं ते तुमच्या उणे १.२५ ला चालेलच असं नाही. तुमचा रोजचा चष्मा दूरचं स्वच्छ दाखवण्यासाठी बनलाय, आणि तुम्हाला स्वच्छ हवी आहे हाताच्या अंतरावरची फ्रंट साइट. म्हणून दूरच्या नंबरात अधिक ०.५० ते अधिक ०.७५ मिळवतात. तुमच्यासाठी ते उणे ०.७५ किंवा उणे ०.५० होतं. नेत्रतज्ज्ञाकडे जाताना डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचं अंतर मोजून न्या आणि चाचणीच्या फ्रेममध्ये दोन्ही लेन्स बघा. जिच्यात साइटची कड धारदार दिसते आणि काळा गोल धूसर पण गोलच राहतो, ती तुमची. साध्या चष्म्यात आणखी एक अडचण असते. डोकं वळलेलं असल्यामुळे आपण काचेच्या कोपऱ्यातून बघतो आणि तिथे प्रतिमा वाकते. नेमबाजीच्या फ्रेममध्ये लेन्स नजरेच्या रेषेला काटकोनात बसवता येते, तिचा खरा उपयोग हा. एकच लेन्स, एक साधी फ्रेम आणि डाव्या डोळ्यापुढे ३० मिमीपेक्षा रुंद नसलेली पट्टी पुरे. पट्टी पांढरी, अर्धपारदर्शक असावी. काळी लावली तर झाकलेल्या डोळ्याला अंधार मिळतो, आणि दोन्ही बाहुल्या एकत्रच काम करत असल्याने नेमाच्या डोळ्याची बाहुलीही मोठी होऊन साइट मऊ दिसते. आयरिस (लहान-मोठं करता येणारं छिद्र), रंगीत फिल्टर हे सगळं नंतर.

पेलेट फक्त सपाट डोक्याच्या मॅच पेलेट. डोक्याचा व्यास ४.४८ पासून ४.५१ मिमीपर्यंत मिळतो. तीन-चार प्रकार शिकंजातून मारून सर्वांत छोटा पुंजका देणारा एक निवडा आणि त्याच्यावर थांबा. शिसं हाताला लागतं, म्हणून रेंजवरून उठल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. हवेच्या सिलिंडरवर निर्मितीची तारीख कोरलेली असते. दहा वर्षांपलीकडचा सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि घरीही वापरू नये. तुमचं सगळंच वापरलेलं असल्यामुळे ती तारीख आजच वाचा. बूट घोट्याखालचे, पुढच्या भागात वाकणाऱ्या तळव्याचे.

रोज किती पेलेट, याचं उत्तर तुम्हाला कमी वाटेल : आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी ५० ते ६०. आत्ताच्या चुकीने रोज दोनशे शॉट मारले तर ती चूकच पक्की होते. खरा सराव ड्राय फायरचा, आठवड्यातून पाच दिवस, वीस ते पंचवीस मिनिटं. घरी करताना पेलेटचे डबे दुसऱ्या खोलीत ठेवा, नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा, आणि ज्या भिंतीकडे नेम आहे तिच्यामागे कोणाची ये-जा नाही याची खात्री करा. घरात मुलं असतील तर सराव संपल्याबरोबर पिस्तूल कुलपात.

सुरुवातीला दहा वेळा हात वर नेऊन पंधरा सेकंद होल्ड, मध्ये पाऊण मिनिट विश्रांती. यात चापाला हात लावायचा नाही. मग पांढऱ्या भिंतीवर पंधरा ड्राय फायर. शेवटी छोट्या टार्गेटवर पंधरा. तीन मीटरवर लावत असाल तर काळा गोल १८ मिमीचा काढा. खऱ्या टार्गेटवरचा काळा भाग ५९.५ मिमीचा, त्याचे तीन दशांश म्हणजे जवळजवळ १८. उंचीही तशीच काढायची. खऱ्या टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर असतो. तुमचा डोळा १६० सेमीवर असेल तर तीन मीटरवरचा गोल १५४ सेमीवर यायला हवा. लोक तो १४० वर लावतात आणि हात खाली धरायची सवय लावून घेतात. टक् झाल्यावर दोन सेकंद साइट तशाच धरून ठेवा आणि ‘आत्ता साइट कुठे होती’ हे मनात बोला. रेंजवरही पडद्याकडे बघण्याआधी शॉट कुठे लागला असेल ते सांगायचं, मग बघायचं. ‘खाली-डावीकडे, आठ’ असं आधीच सांगता यायला लागलं की हालचाल तुम्हाला दिसू लागलीय, आणि दिसणारी चूक सुधारता येते. आठवड्यातून एकदा ६० शॉटचं पूर्ण कार्ड मारा. पण वहीत एकूण स्कोअर लिहू नका. आठ आणि त्याखालचे किती, आणि त्यांतले किती दहा सेकंदांनंतर सुटले, हे दोनच आकडे लिहा. सोळावरून दहावर आलात तर काम बरोबर चाललंय.

स्पर्धेच्या आधीचा आठवडा हलका ठेवा. शॉट निम्मे, ड्राय फायर तेवढंच, खांद्याचा व्यायाम बंद. रिअर साइटचा एक क्लिक किती सरकवतो हे आधीच मोजून ठेवा : दहा क्लिक फिरवा, पुंजका किती मिमी सरकला ते बघा, दहाने भागा. एक रिंग म्हणजे ८ मिमी, त्यामुळे किती क्लिक फिरवायचे ते उभ्या उभ्या कळतं. बॅगेत सुटे सील, स्क्रू फिरवायची पाती आणि दुसरा भरलेला सिलिंडर असू द्या.

इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर तयारी आणि सायटिंगला १५ मिनिटं मिळतात, सायटर (गुणांत न धरले जाणारे चाचणीचे शॉट) हवे तेवढे. मग ६० शॉटला ७५ मिनिटं, म्हणजे शॉटला ७५ सेकंद. सायटिंगच्या वेळातली पहिली पाच मिनिटं नुसती उभं राहण्यात आणि ड्राय फायरमध्ये घाला, मग दहा-बारा सायटर. एका शॉटवरून साइट फिरवू नका, तीन-चारचा पुंजका बघा. दहाच्या सहा मालिका साधारण दहा-दहा मिनिटांत बसवल्या तर १५ मिनिटं हातात उरतात. ती हात खाली घेण्यासाठी आणि एखाद्या मालिकेनंतर खुर्चीवर बसण्यासाठी आहेत. लागोपाठ दोन आठ आले तर पिस्तूल टेबलावर ठेवा, दोन मिनिटं बसा, उठल्यावर आधी दोन ड्राय फायर, मग पेलेट. स्पर्धेतला तुमचा स्कोअर सरावापेक्षा कमी येतो तो इथेच : वाईट शॉटची भरपाई पुढच्याच शॉटवर करायला हात धावतो आणि दहा सेकंदांची मर्यादा आपण विसरतो. स्पर्धा झाल्यावर कार्डाची फोड, सेकंदांच्या नोंदीसकट, आम्हाला पुन्हा पाठवा. आठ आणि त्याखालचे शॉट तोवरही दहापेक्षा जास्त उरले, तर मुठीचे दोन्ही बाजूंनी काढलेले फोटोही सोबत जोडा.